'बोर्डाची परीक्षा', 'लॉजिंग-बोर्डिंग' आणि 'बोर्डिंग पास' यांतला बोर्ड एकच का?

पहिल्या दोन्हींतला एकच. जुन्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे लाकडाची फळी. शाळेतला फळा, कॅरम बोर्ड, दुकानावरची पाटी, सगळे इथूनच आले. फळी आडवी टाकली की जेवायचं टेबल, म्हणून मध्ययुगात 'बोर्ड' म्हणजे टेबल आणि पुढे त्यावरचं जेवण. त्यामुळे हॉटेलच्या पाटीवर 'लॉजिंग' म्हणजे राहणं आणि 'बोर्डिंग' म्हणजे जेवण. आपण मराठीत 'बोर्डिंगात राहतो' म्हणतो तेव्हा अर्थ सरकलेला असतो. मुळात तिथे जेवणच होतं!

त्याच टेबलाभोवती कारभारी बसू लागले आणि 'बोर्ड' म्हणजे मंडळ झालं. दहावी-बारावीची परीक्षा घेणारं बोर्ड ते हेच.

बोर्डिंग पासचा धागा मात्र वेगळा. 'बोर्ड'चा दुसरा जुना अर्थ जहाजाची बाजू, म्हणून 'ऑन बोर्ड' म्हणजे जहाजावर. विमानांनी तो शब्द जहाजांकडून उचलला. जहाजाच्या उजव्या बाजूला 'स्टारबोर्ड' म्हणतात, त्यातही ताऱ्याचा काही संबंध नाही. जुन्या बोटींचं सुकाणूचं वल्हं उजव्या कडेला बांधलेलं असे, म्हणून ती 'स्टिअर'ची, म्हणजे सुकाणू वळवायची बाजू. डावीला 'लारबोर्ड' म्हणत, पण वाऱ्यात दोन्ही आरोळ्या सारख्याच ऐकू येत. म्हणून 1844 मध्ये ब्रिटिश नौदलाने 'लारबोर्ड' काढून 'पोर्ट' आणला.

जाता जाता: 'कबर्ड' म्हणजे मुळात कप ठेवायची फळी. स्पेलिंगमधला 'पी' अजून तिथेच आहे, उच्चारात तेवढा गळालाय.