फ्रान्स आणि जर्मनीचं सध्या खरंच जमतं का, की नुसते हात मिळवून फोटो काढतात?

तुम्ही विचारलंय तो संशय भारतात बऱ्याच जणांना असतो कारण बातम्यांमध्ये एकतर मिठ्या दिसतात नाहीतर भांडणं. मी ऱ्हाइनच्या काठावर जर्मनीतल्या केल गावात राहतो आणि नोकरीला पलीकडे फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला जातो, त्यामुळे रोजचा संबंध आहे. माझं मत असं की खाली, शहर आणि जिल्हा पातळीवर दोघांचं छान जमतं, वर पॅरिस-बर्लिनमध्ये डिफेन्स आणि पैशाचा विषय निघाला की घोडं पेंड खातं.

आधी हे स्ट्रासबुर्ग काय आहे ते लक्षात घ्या. १८७१ ला जर्मनीकडे गेलं, १९१८ ला परत फ्रान्सकडे, १९४० ला पुन्हा जर्मनी, १९४४ ला पुन्हा फ्रान्स. म्हणजे एखाद्या म्हातारीने घर न सोडता आयुष्यात चार वेळा देश बदललेला बघितला आणि प्रत्येक वेळी कोणीतरी मेलेलं होतं. आज त्याच शहराची ट्राम २०१७ पासून नदी ओलांडून थेट केलमध्ये येते. शनिवारी तर फ्रेंच कुटुंबं पिशव्या घेऊन उतरतात, डायपर शाम्पू साबण सगळं इकडे स्वस्त म्हणून ड्रगस्टोअरमध्ये ही गर्दी, आणि सिगारेटही स्वस्त म्हणून गावात तंबाखूची दुकानं जिकडे तिकडे. आम्ही इकडचे चीज आणि पाव आणायला तिकडे जातो. पलीकडच्या दुकानदाराने फसवलं तर दोन्ही देशांच्या ग्राहकांसाठी केलमध्ये एकाच छताखाली ऑफिस आहे, दोन्ही देशांच्या पोलिसांचं जॉइंट सेंटरही इथेच आहे. हे सगळं इतकं सवयीचं झालंय की कोणी त्याला सहकार्य वगैरे म्हणत पण नाही.

मार्च २०२० मध्ये मात्र कोविडमुळे जर्मनीने बॉर्डर बंद केली, ट्राम पुलापलीकडेच थांबायची, लोक भयंकर चिडले होते आणि चिडायलाच हवं होतं. पण त्याच दिवसांत स्ट्रासबुर्गच्या आसपासच्या फ्रान्समधल्या अल्सास भागातली हॉस्पिटलं भरून वाहत असताना तिथले सिरियस पेशंट जर्मन हॉस्पिटलांनी घेतले, हेही तितकंच खरं. आता सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे, ती मला अजिबात पटलेली नाही.

आता वरचं. १९६३ ला फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर यांनी मैत्रीचा एलिझे करार केला, त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे भेटणं सक्तीचं केलं, राष्ट्र आणि सरकारप्रमुखांनी वर्षातून किमान दोनदा, परराष्ट्रमंत्र्यांनी दर तीन महिन्यांनी, पटो ना पटो. त्याच वर्षी दोन्हीकडच्या तरुणांच्या एक्स्चेंजसाठी संस्था काढली, तिच्यातून आजवर ९० लाखांच्या वर पोरं इकडून तिकडे जाऊन आली आहेत. सक्तीचा फायदा २०२२ ला दिसला. जर्मनीने वीज-गॅसच्या दिलाशासाठी २०० अब्ज युरोंचं पॅकेज पॅरिसला विश्वासात न घेता जाहीर केलं, ऑक्टोबरमधली दोन्ही मंत्रिमंडळांची बैठक पुढे ढकलली गेली, सगळे म्हणाले आता बिनसलं. पण जानेवारी २०२३ मध्ये कराराला ६० वर्षं होत होती, मग बसावंच लागलं एकत्र.

खरी अडचण बघायची असेल तर फायटर विमानाचं प्रोजेक्ट बघा. २०१७ मध्ये मॅक्रॉन आणि मर्केल यांनी जाहीर केलं, मागाहून स्पेन आलं, खर्चाचा अंदाज १०० अब्ज युरोंच्या घरात. पुढारपण कोणाकडे यावर फ्रान्सची विमान कंपनी दासो आणि जर्मनीच्या बाजूने असलेली एअरबस वर्षानुवर्षं भांडत आल्या. लोक म्हणतात इगो आहे, पण नुसता इगो नाही हो. फ्रान्सला विमानवाहू जहाजावर उतरणारं आणि अणुबॉम्ब नेणारं विमान पाहिजे, जर्मनीकडे ना असं जहाज ना स्वतःचा अणुबॉम्ब, आणि अमेरिकन अणुबॉम्ब नेण्यासाठी तिने २०२२ मध्ये सरळ अमेरिकेचं एफ-३५ विमान घ्यायचं ठरवलं. शिवाय फ्रान्स १९८५ ला असाच युरोफायटर या युरोपीय देशांच्या एकत्र विमान प्रोजेक्टमधून बाहेर पडला आणि एकट्याने राफेल बनवलं, तेच जे आपल्या हवाई दलाकडे आहे. ज्याला एकट्याने जमतं तो वाटणी का करेल. अणुऊर्जेचंही तेच, जर्मनीने शेवटच्या तीन अणुभट्ट्या एप्रिल २०२३ ला बंद केल्या आणि फ्रान्सची बहुतेक वीज अणुऊर्जेतूनच येते, आता दोघांनी एक धोरण कसं आखायचं?

पण मला या भांडणांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची जास्त काळजी वाटते. दोन्ही देशांच्या २०१९ च्या आखेन करारात एकमेकांची भाषा शिकवण्याचं वचन आहे, आणि २०२३ मध्ये जर्मन भाषा शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटने फ्रान्समधल्या बोर्दो, लील आणि स्ट्रासबुर्ग इथल्या शाखा बंद करायचं जाहीर केलं, पैसे वाचवायला. स्ट्रासबुर्ग बरं का, बॉर्डरवरचं! त्याच करारानंतरच्या प्रायॉरिटी प्रोजेक्टमध्ये फ्रान्समधलं कोल्मार ते जर्मनीतलं फ्रायबुर्ग अशी रेल्वे आहे, दुसऱ्या महायुद्धात या मार्गावरचा ऱ्हाइनवरचा ब्रायझाखचा रेल्वेपूल पडला तो आजपर्यंत बांधलेला नाही. ही दोन कामं विमानाच्या तुलनेत फुटकळ पैशांत होतील. पॅरिस-बर्लिन थेट हायस्पीड गाडी डिसेंबर २०२४ ला सुरू झाली तशी हीही व्हायला हवी, आणि इथल्या माझ्यासारख्या लोकांनी त्यासाठी दोन्हीकडच्या नगरपालिकांच्या मागे लागायला हवं, मी लागतो.