पणजीचं पान आणि तुझं बँकेतलं खातं

प्रिय आरू,

परवा तू किचनमध्ये येऊन विचारलंस ना, की पणजी काही फेमस नव्हती मग तिचं पान कशाला वाढतेस, आणि शाळेच्या प्रोजेक्टमध्ये घरातलं इन्स्पायरिंग माणूस म्हणून तिला घेतलं तर लिहू काय, तिने मागे ठेवलं तरी काय? तेव्हा माझे वडे तेलात होते म्हणून नंतर सांगते म्हटलं. आता लिहूनच देते, कारण तोंडी सांगायला घेतलं की तू दोन मिनिटांत फोन बघतेस.

आधी पानाचं सांगते. भाद्रपदातली पौर्णिमा झाली की सर्वपित्री अमावास्येपर्यंतचा पंधरवडा पितरांचा. आपल्याकडे मालवणात त्याला म्हाळ म्हणतात, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर, भोपळ्याची भाजी आणि कावळ्याला घास. आता रीतीप्रमाणे माझ्या आजीचं मामाने करायचं, तो तिकडे करतोच, मी इथे आपलं एक पान वाढते, ना भटजी ना मंत्र. कावळ्याऐवजी मॅगपाय आला म्हणून तू हसलीस, पण तोसुद्धा कावळ्याच्याच खानदानातला, चालतं. जिने आयुष्यभर दुसऱ्यांची पानं वाढली तिचं वर्षातून एकदा कोणीतरी वाढावं, एवढंच माझं लॉजिक आहे.

तुझी पणजी लग्न होऊन मालवणहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरली आणि तिथून थेट लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराची खोली. पणजोबा गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागावर. आपण इथे मँचेस्टरमध्ये अँकोट्सला त्या लाल विटांच्या गिरण्या बघितल्या, ज्यांचे आता महागडे फ्लॅट झालेत, तशाच उंच चिमण्यांच्या गिरण्या लालबाग-परळला होत्या, आणि मुंबईत यंत्रं कुठून यायची माहितीये, आपल्या शेजारच्या ओल्डहॅममधून, प्लॅट ब्रदर्सची! (हे प्रोजेक्टमध्ये नक्की टाक, मिस खूश होतील.)

पुढे कापसाच्या धुळीने पणजोबांची छाती गेली, खाडे वाढले, पगार कमी झाला. मग पणजीने खाणावळ काढली. म्हणजे हॉटेल नाही हं, बोर्ड नाही, टेबल नाही, तीच खोली, दोन स्टोव्ह आणि जमिनीवर पंगत. गावाहून एकटे आलेले गिरणी कामगार एकेका गाळ्यात वीस-वीस जण राहायचे, एक पाळीवरून आला की दुसरा उठून कामावर, म्हणजे अंथरूण पण पाळीनेच वापरायचे. त्यांना जेवायला घालणाऱ्या अशा बायका गिरणगावात गल्लोगल्ली होत्या. जेवायला येणारा तो "मेंबर". सकाळपाळीवाल्यांचा डबा पहाटे तयार, दुपारपाळीवाले अकराला पानावर, रात्रपाळीवाले संध्याकाळी. पहाटे चारला नळाला पाणी यायचं तेव्हा ती उठायची, आणि झोपायची कधी ते माझ्या आईलाही नीट सांगता येत नाही.

आणि हिशोबाची वही! तुझ्या आजीकडे अजून आहे ती, लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा तेलकट. पणजीला लिहिता येत नव्हतं म्हणून आजी शाळेतून आली की लिहायची, एका ओळीत मेंबरचं नाव आणि पुढे महिन्याचे चौकोन, जेवला तर टिंब, नाही जेवला तर फुली. फुली म्हणजे खाडा, त्याचे पैसे बिलातून कापायचे. पगार झाला की मेंबर वहीसमोर उकिडवा बसून खाड्यांवरून वाद घालायचा आणि पणजी म्हणायची, "आधी जेव रे, मगे हिशोब." पण हिशोब सोडायची नाही बरं का, एक फुली जास्त लावू द्यायची नाही. प्रेमळ अन्नपूर्णा वगैरे जे चित्र डोळ्यासमोर येतं ना तसली ती नव्हती, तोंडाने फटकळ, आणि उधारी चुकवून गावाला पळालेल्याच्या भावाला रस्त्यात गाठून ओरडणारी.

पैशाचा प्रॉब्लेम असा की मेंबर महिन्याने पैसे देणार आणि तांदूळ, रॉकेल आज हवं. मग वाण्याकडे उधारी, तो सांगेल तो भाव, नाहीतर मंगळसूत्र सावकाराकडे गहाण. गिरणगावातल्या सगळ्या खाणावळवाल्या या चक्रात अडकलेल्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच बायकांसाठी, एकेकटीला बँक दारात उभी करत नव्हती म्हणून ह्यांनी गट केले, बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळालं. पणजी दोनेक वर्षांनी त्यात गेली. अंगठा चालला असता, पण ती म्हणाली की सहीच करणार. माझ्या आईने कालनिर्णयच्या जुन्या पानांच्या कोऱ्या जागेत नाव लिहून दिलं आणि ही रात्री भांडी झाल्यावर ते गिरवत बसायची. पासबुकावर स्वतःचं नाव बघून तिने काय केलं असेल? दुसऱ्या दिवशी वाण्याची सगळी उधारी फेडली आणि त्याला सांगितलं की आता मी घाऊक बाजारातून तांदूळ आणणार. बास, सेलिब्रेशन तेवढंच.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही, आजतागायत. अर्धे मेंबर गावी गेले. उरलेल्यांना तिने उधारीवर जेवायला घातलं, आधी मासे बंद झाले, मग चपाती, मग नुसती कुळथाची पिठी आणि भात, बांगड्या गेल्या, कुड्या गेल्या. आणि एक दिवस तिने सगळ्यांना बसवून सांगितलं की आता मला जमणार नाही, माझ्या पोरांच्या तोंडचं मी काढणार नाही, तुम्ही दुसरं काम बघा. लोक गोष्ट सांगताना हा भाग गाळतात, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुढे काही जणांनी पैसे आणून दिले, एकाने कित्येक वर्षांनी गावाहून उकड्या तांदळाचं पोतं पाठवलं, बाकीचे बुडाले ते बुडाले.

आता मागे काय ठेवलं. खोली भाड्याची, दागिने संपात गेले. पण मोठ्या मावशीआजीची शाळा सातवीत सुटली, कारण चपात्या लाटायला हात हवा होता, आणि मुलगे मात्र शाळेत जात राहिले. हेही तिनेच मागे ठेवलेलं आहे, प्रोजेक्टमध्ये लिहायचं नसेल तर नको लिहूस पण तुला माहीत असू दे. मावशी कधी बोलली नाही पण पणजीला ते लागून राहिलं असावं, कारण नंतर तिने घरात एक नियमच करून टाकला, पोरगी मोठी झाली की आधी तिच्या एकटीच्या नावावर खातं, लग्नाचं नंतर बघू. मावशीच्या खात्यात तर ती स्वतः पैसे भरत राहिली, त्यावर मावशीने डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र काढलं. माझ्या आईचं खातं उघडलं, माझं उघडलं, आणि मी इकडे मास्टर्सला आले तेव्हा विमानाचं तिकीट त्याच खात्यातून काढलं, बाबांना पैसे मागावे लागले नाहीत.

तुला अकरा पूर्ण झाल्यावर मी लगेच बँकेत नेलं आणि तू वैतागलीस, फ्रेंड्सकडे तर नाहीये म्हणालीस, ते यामुळे. त्यात दर महिन्याला पॉकेटमनीतले थोडे टाकायचेच, आणि मी त्याला हात लावणार नाही हे लेखी घे हवं तर.

वहीचा फोटो हवा असेल तर रविवारी आजीला व्हिडिओ कॉल कर, पण आपल्या दुपारी एकच्या आत, नंतर तिच्या सिरियल सुरू होतात आणि मग ती पणजीचं सुद्धा ऐकणार नाही. खाड्यांच्या फुल्या कशा लावायच्या ते तिलाच विचार, मी सांगितलं त्यात ती दहा चुका काढेल.

तुझी,
आई