विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग संशोधन गटात कोण कोण असतं आणि ते नेमकं काय करतात?

गटप्रमुख प्राध्यापक दिवसभर कोड लिहीत असतील असं वाटत असेल, तर विसरा. त्यांचा बराच वेळ शिकवण्यात, निधीचे प्रस्ताव लिहिण्यात आणि दुसऱ्यांचे शोधनिबंध तपासण्यात जातो.

खरा गाडा ओढतात ते पीएचडीचे विद्यार्थी. समजा, एखादी विद्यार्थिनी ‘कोड तोच, मग टेस्ट कधी पास, कधी फेल का?’ यावर काम करतेय (टेस्ट म्हणजे कोड नीट चालतो का हे तपासणारा छोटा प्रोग्रॅम). ती गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवरून ढीगभर प्रोजेक्ट उतरवते, एकच टेस्ट शंभर वेळा चालवायचं ठरवते, आणि मग कळतं की त्यातले कित्येक प्रोजेक्ट बिल्डच होत नाहीत, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅमच तयार होत नाही! महिना त्यातच जातो. पेपरमध्ये यावर जेमतेम एक ओळ येते.

पोस्टडॉक म्हणजे पीएचडी झालेला, पण करारावरचा माणूस. अडलात तर आधी त्याला गाठा, प्राध्यापकांपेक्षा लवकर सापडतो.

काही गटांत रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअरही असतो. हे पदनाम २०१२ च्या सुमारास ब्रिटनमधून रूढ होत गेलं. विद्यार्थी पदवी घेऊन गेला की त्याचं टूल पोरकं होतं. ते हा इंजिनिअर सांभाळतो. मास्टर्सची मुलं प्रबंधापुरती पाहुणी.

प्रवेश घ्यायचा विचार असेल, तर आजच्या सदस्यांआधी माजी विद्यार्थ्यांची यादी बघा. कोण किती वर्षांत सुटलं आणि पुढे कुठे गेलं, याचा अंदाज तिथेच येतो.