कंसात लिहिलेलं वाक्य

प्रिय मावशी,

मी ३६ वर्षांची आहे. नोकरी करते, आईसोबत राहते. (आई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळली आहे, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं.) गेलं वर्षभर मी स्वतःला सुधारायचा परोपरीने प्रयत्न करतेय. पहाटे पाचला उठून पाहिलं, आरशासमोर उभं राहून स्वतःबद्दल चांगली वाक्यं म्हणून पाहिली, पण ती म्हणून झाल्यावर अधिकच रडू यायचं. २१ दिवसांत नवी सवय लागते म्हणतात, पण माझे २१ दिवस एकदाही पुरे झाले नाहीत. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. धाकटा भाऊ हेच सगळं करतो आणि त्याची गाडी खरोखर रुळावर आली. तो मला रोज असे व्हिडिओ पाठवतो. म्हणतो, ‘ताई, कारणं सांगणं बंद कर.’ सगळ्यांना जमतं ते मलाच का जमत नाही? माझ्यातच काही खोट आहे का?

– नाव छापू नका

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या कंसापाशी अडखळले. तिथे येतेच, पण आधी तुझ्या मनावरचं थोडं ओझं उतरवू दे. त्यातलं बरंचसं नुसतं ऐकीव आहे.

२१ दिवसांचंच घे. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपला वाटायला रुग्णाला साधारण किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी पाहिलं होतं. पुढे तोंडोतोंडी त्यातलं ‘किमान’ गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी १२ आठवडे तपासल्या. २००९ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ मधोमध धरला तर ६६ दिवस निघाला. पण मला महत्त्वाची वाटते ती त्याची दोन टोकं: कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज थेट २५४ दिवसांवर गेला. आणि हे तर तू लिहूनच ठेव: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता. तू मात्र प्रत्येक चुकलेल्या दिवशी आधीची सगळी मेहनत पुसून टाकत राहिलीस. वर्षभर स्वतःला ही शिक्षा दिलीस, आणि ती कुठल्याच नियमात बसत नव्हती गं.

आरशासमोरच्या वाक्यांबद्दल तू लिहिलंयस की ती म्हणून झाल्यावर अधिकच रडू यायचं. त्याची तुला लाज वाटतेय, हे अक्षरावरूनही कळलं. कॅनडात जोअ‍ॅन वूड यांनी नेमकं हेच तपासलं होतं, तेही २००९ मध्येच. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य लोकांना मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं, त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं ते डळमळीत होतं, त्यांना मात्र वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटलं. म्हणजे उपाय एकच, पण ज्याला गरज जास्त त्यालाच तो बाधला. मला यात नवल वाटत नाही. न पटणारं वाक्य मोठ्याने म्हटलं की आतून कुणीतरी त्याला उलट उत्तर देतंच. तुझ्या आतला तो आवाज आधीच चढलेला आहे. त्याच्यासमोर रोज नवं वाक्य कशाला ठेवतेस?

आता मुख्य गोष्ट. ती मला या सदरातच शिकायला मिळाली. काही वर्षांपूर्वी मी ‘नाही म्हणायला शिका’ असं मन लावून लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाचं पत्र आलं. मावशी, तुमचं वाचून मी उरलेल्या दोन मित्रांनाही नाही म्हणालो, आता कुणीच येत नाही. त्या माणसाची अडचण मुळात उलटी होती. तो सगळ्यांनाच नाही म्हणत आला होता. माझा सल्ला खोटा नव्हता, पण तो नको त्या दारी गेला होता. त्या पत्राने मी बरेच दिवस अस्वस्थ होते.

तेव्हापासून मी मानते की कुठलाही सल्ला हा कुणाच्या तरी तोल जाण्यावरचा उपाय असतो. जो डावीकडे कलला आहे त्याला उजवीकडे ढकलायचं. पण आधीच उजवीकडे कललेल्याला तोच धक्का बसला, तर तो पडतो. ‘कारणं सांगणं बंद कर’ हे अशा माणसासाठी आहे, जो आपल्या प्रत्येक अपयशाचं खापर जगावर फोडतो. असा माणूस ते वाचतच नाही, किंवा वाचून शेजाऱ्याला पाठवतो. आणि जिला मुळातच सगळा दोष स्वतःकडे घ्यायची सवय आहे, ती वही-पेन घेऊन बसते. तू तशी आहेस. आईचं आजारपण हे कारण तू पत्रात धड सांगितलंही नाहीस, कंसात टाकलंस. तुला कारणं कमी करायची गरज नाही. उलट, कारणं सांगायला शीक.

म्हणून यापुढे कुठलाही सल्ला दिसला की आधी एवढंच विचार: हा कुणाचा तोल सावरायला दिलाय, आणि मी कुठल्या बाजूला कलले आहे? उत्तर ‘मी तर दुसऱ्याच बाजूला’ असं आलं, तर तो सल्ला कितीही मोठ्या माणसाचा असो, तुझ्यासाठी नाही.

भावावर राग धरू नकोस. त्याला फायदा झाला हे खरंच आहे आणि ते त्याने प्रेमाने तुझ्यापर्यंत आणलं. पण पहाटे पाचला उठणारा तो आणि पहाटे पाचला उठणारी तू, यांच्या रात्री एक नाहीत. प्रौढ माणसाला सात तास किंवा थोडी जास्त झोप लागते. तुझी झोप दोन-तीनदा तुटते, आणि उरलेलीतला शेवटचा तुकडा तू स्वतःच्या हाताने कापतेस, वर त्याला शिस्त म्हणतेस. शिवाय पहाटे ताजंतवानं असणं की रात्री उशिरा, हे बऱ्याच अंशी शरीराच्या घड्याळावर आणि काही प्रमाणात आनुवंशिकतेवर ठरतं. त्यात चारित्र्याचा प्रश्न येत नाही. तू पाचचा गजर आजच बंद कर. सल्ले, आव्हानं, तक्ते, सगळं महिनाभर थांबव. एकदा डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घे, कारण सततचा थकवा तिथूनही येतो. आणि रडू येणं, कशातच मन न लागणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल, तर तेही त्यांना स्पष्ट सांग.

आणि आता तो कंस. दोन वर्षांपासून रात्री आईजवळ तू उठतेस. त्या घरात भावाचीही आई आहे. त्याच्या पुढच्या व्हिडिओला अंगठ्याचं चिन्ह पाठवून गप्प बसू नकोस. फोन कर आणि सरळ सांग, ‘आठवड्यातल्या तीन रात्री आईजवळ तू झोप.’ तो दूर राहत असेल, तर तेवढ्या रात्रींसाठी मदतनीस ठेवायची आणि खर्च त्याने उचलायचा. मागताना तुला अपराधी वाटेल, तुझा स्वभाव पाहता नक्कीच वाटेल. तरी माग. त्याला कदाचित ठाऊकही नसेल की तू रात्री किती वेळा उठतेस, कारण त्यालाही तू हे कंसातच सांगितलं असशील.

तो काय म्हणाला, ते मला कळव. मी वाट पाहते.

तुझी,
मावशी