कागद आणि जगणे यांत फट नको

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेल आणि सोबत जोडलेली सगळी कागदपत्रे वाचली. जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या सरकारी विद्यापीठात तू स्वतः अर्ज करून मिळवलेला प्रवेश एकीकडे आणि बर्लिनमधल्या खासगी संस्थेचा, कन्सल्टंटने आठवड्याभरात हातात ठेवलेला प्रवेश दुसरीकडे; यांतले काय निवडावे हे तुला कळेनासे झाले आहे, इथपर्यंत मी समजू शकतो. पण शेवटी तू लिहिले आहेस, "काका, सगळे म्हणतात की शिक्षण हे निमित्त असते, एकदा तिथे पोचणे महत्त्वाचे." ते वाक्य काही केल्या मनातून जाईना, म्हणून फोनवर बोलण्याऐवजी हे पत्र लिहायला बसलो.

मेहनत कर, धीर सोडू नकोस, असे मी लिहिणार नाही. तुमच्या घरात वाढलेल्या मुलीला ते सांगावे लागत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि तुला कंटाळा येईपर्यंत ती सांगणार आहे. कागदावर जे आहे तेच जगण्यात असू दे आणि जगण्यात जे आहे तेच कागदावर येऊ दे. मी शिकायला येते आहे, या विषयासाठी, या विद्यापीठात, एवढ्या पैशांवर, असा शब्द तू व्हिसाच्या अर्जात एका देशाला देतेस. त्या शब्दात आणि तुझ्या रोजच्या दिवसात फट पडली, की पुढची कित्येक वर्षे ती फट झाकण्यातच जातात.

आधी त्या मोटिव्हेशन लेटरविषयी, म्हणजे हाच अभ्यास का करायचा हे सांगणाऱ्या पत्राविषयी. कन्सल्टंटने लिहून दिलेले ते दीड पान वाचून मला राग आला, तो तुझ्यावर नाही, पण आला. "लहानपणापासून जर्मनीच्या समृद्ध परंपरेचे आकर्षण" तुला कधी होते? तू शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत दोन वर्षे वाळूच्या साच्यांतले दोष शोधत होतीस, कोणत्या पाळीत नाकारलेल्या मालाचे प्रमाण का वाढते याची वही ठेवत होतीस, आणि त्यातून तुला मटेरियल सायन्सचा पुढचा अभ्यास करावासा वाटला. त्याचा त्या पत्रात एक शब्द नाही. नोकरी सोडून आजीच्या आजारपणात आठ महिने घरी होतीस, तेही नाही. उलट ती "गॅप" झाकायला एका ओळखीच्या कारखान्याचे अनुभवपत्र मिळवून देतो असे तो म्हणतो आहे. फाउंड्रीत काम केलेल्या मुलीला मी काय सांगू? साच्यात हवा अडकली तरी कास्टिंग वरून गुळगुळीतच दिसते. मशीनवर चढवल्यावर ब्लोहोल उघडा पडतो आणि तोवर त्या तुकड्यावर सगळा खर्च झालेला असतो. ते आठ महिने जसे गेले तसे दोन ओळींत लिही. आजारी आजीची सेवा केली म्हणून कोणी व्हिसा नाकारत नाही, पण खोटे अनुभवपत्र जोडले तर जर्मन कायद्यात तेवढे एकच कारण नकाराला पुरते, आणि तिथे पोचल्यावर उघडकीला आले तर परत पाठवायलाही पुरते.

आणखी एक गोष्ट तुझ्या कन्सल्टंटने सांगितलेली दिसत नाही. पूर्वी नकार आला तर दूतावासाकडेच फेरविचाराचा अर्ज करता येत असे. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने ती सोय जगभर बंद केली. आता नकारानंतर दोनच वाटा उरतात, पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावायचा, आणि दोन्हींत सत्र हातचे जाते. त्यामुळे फाइल पहिल्यांदाच अशी हवी, की कोणत्याही पानावर बोट ठेवून विचारले तरी तुला आठवावे लागू नये. जी गोष्ट आपण जगलो ती आठवावी लागत नाही. दुसऱ्याने लिहिलेली पाठ करावी लागते.

आता पैशांविषयी, कारण तुझा मुख्य घोळ तिथे आहे असे मला वाटते. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे ज्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच सुटते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. सध्याच्या दराने बारा-तेरा लाख रुपयांच्या आसपास रक्कम होते. तुझ्या वडिलांनी घर तारण ठेवून कर्ज काढायची तयारी दाखवली आहे आणि तुला ते बघवत नाही. म्हणून कन्सल्टंटची "सोय" तुला बरी वाटते आहे, की पैसे तो भरेल आणि तिथे दर महिन्याला जे ९९२ सुटतील ते तू व्याजासकट त्याला परत करायचे. बाळ, जरा थांबून हिशेब कर. ते पैसे त्याला गेले तर तू जगणार कशावर? भाडे, विमा, जेवण हे सगळे कामाच्या पैशांतून काढावे लागेल, आणि विद्यार्थ्याला मोकळेपणी करता येणारे काम वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस एवढेच असते. चार तासांपर्यंतचे काम म्हणजे अर्धा दिवस. पहिल्या सत्रात, अर्धवट जर्मन येत असताना, तेवढ्यात भागणार नाही. मग मर्यादेबाहेरचे काम आले, मग ते रोखीने घेणे आले, मग बुडालेले तास आणि परीक्षा. एका सहीने हे सगळे सुरू होते. घर तारण ठेवलेले कर्ज भीतिदायक आहे हे मी नाकारत नाही, पण ते बँकेच्या कागदावर असेल, त्याचा हप्ता तुला माहीत असेल आणि ते तुम्ही खरोखर घेतलेले असेल. अंगावर घ्यायचेच असेल तर ते कर्ज घे.

बर्लिनच्या त्या प्रवेशाबद्दल मी कमी लिहितो, कारण मला त्यात फारसे तथ्य दिसत नाही. माहितीपत्रकात "हायब्रिड" असा शब्द आहे, म्हणजे काही शिक्षण वर्गात आणि काही ऑनलाइन. तू तो ओलांडून पुढे गेलीस. २०२५ मध्ये बर्लिनमधल्या एका खासगी विद्यापीठाच्या काही भारतीय विद्यार्थ्यांना देश सोडण्याच्या नोटिसा आल्या होत्या, कारण त्यांचा अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गांचा नसून मुख्यतः ऑनलाइन आहे, असे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचे मत पडले. त्यांनी फी भरली होती, कर्जे काढली होती आणि त्यांच्यापैकी कोणी फसवायला आलेले नव्हते. तू जाणार असशील तिथे आठवड्यात किती तास वर्गात बसायचे आहे हे त्या संस्थेकडून लेखी माग. मिळाले नाही तर तुझा निर्णय झाला.

माग्डेबुर्ग लहान शहर आहे, तिथे "कामे" कमी आहेत, असे तू लिहितेस. तू कामाला जात नाहीस. हे मी चिडून लिहितो आहे आणि ते खोडणार नाही.

तिथे गेल्यावरही हेच लागू आहे, उलट अधिकच. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद, करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे सहीचे पत्र लागते. "खोली स्वस्त आहे, पण आनमेल्डुंग मिळणार नाही" असे सांगणारा कोणी भेटेल. ती खोली घेऊ नकोस आणि मित्राच्या पत्त्यावर नाव लावून भलतीकडे राहूही नकोस. कर क्रमांकापासून रेसिडेन्स परमिटपर्यंत सगळे त्या एका नोंदीवर उभे राहते. आरोग्यविमा सार्वजनिक घे. खासगी विमा सुरुवातीला स्वस्त दिसतो, पण तो घेऊन सार्वजनिक विम्यातून एकदा सूट मागितली, की ते शिक्षण संपेपर्यंत मागे फिरता येत नाही. देशात शिरण्यासाठी मिळणारा व्हिसा काही महिन्यांचाच असतो आणि आउसलेंडरबेहोर्डची, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची, तारीख मिळायला अनेक शहरांत फार वेळ लागतो, म्हणून मुदत संपण्याच्या पुष्कळ आधी अर्ज कर आणि अर्ज पोचल्याचा पुरावा जपून ठेव. मुदतीच्या आत केलेला अर्ज निर्णय लागेपर्यंत तुझे राहणे कायदेशीर ठेवतो. मुदत उलटून गेल्यावर केलेल्या अर्जाला तो आधार नसतो. दर सत्राला सत्रशुल्क भरून नोंदणी पुढे चालू ठेवावी लागते. ते राहिले तर विद्यापीठ नाव काढते, आणि नाव गेले की परमिटचा पायाच गेला.

कामाबद्दल दोन बारकावे सांगतो, कारण मुले तिथेच अडकतात. विद्यापीठातच साहाय्यकाचे काम मिळाले तर ते त्या १४० दिवसांत मोजत नाहीत. प्रयोगशाळेत तसे काम शोध, तुझ्या फाउंड्रीच्या अनुभवाला तिथे किंमत आहे. आणि स्वतःचा धंदा, मग तो घरून डबे करून विकण्याचा का असेना, परवानगीशिवाय चालत नाही. पुरणपोळ्या विकून काय बिघडते, असे तुला वाटेल. पुरणपोळीने काहीच बिघडत नाही, तुझ्या परमिटवर ते लिहिलेले नाही एवढीच अडचण आहे. करायचेच असेल तर आधी परवानगी माग, म्हणजे ते कागदावर येईल.

परीक्षांचे तुला वेगळे सांगायला नको होते, तरी सांगतो. बहुतेक अभ्यासक्रमांत एका विषयाला तीनच संधी असतात, आणि तिसरीही गेली तर तो अभ्यासक्रम तिथे संपतो. तोच दुसऱ्या विद्यापीठात घ्यायलाही मग सहसा बंदी येते. परमिट वाढवताना अभ्यास कितपत पुढे गेला हे पाहतात. तेव्हा "विद्यार्थी" हा शब्द तुझ्या गुणपत्रिकेत दिसावा लागतो.

मी हे सगळे इतक्या हट्टाने का लिहितो, ते तुझ्या वडिलांना ठाऊक आहे. मी जर्मनीत शिकायला आलो तेव्हा कामाची मर्यादा वर्षाला ९० पूर्ण दिवसांची होती. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले त्या वर्षी माझे दिवस संपले होते आणि खात्यात तिकिटाचे पैसे नव्हते. ओळखीचा एक हॉटेलवाला रात्रीची भांडी घासायला रोख पैसे देत होता. दोन महिन्यांत तिकीट निघाले असते. माझ्यासोबत राहणारे दोघे तिथे जातच होते. मी गेलो नाही. लग्नालाही गेलो नाही. मानपानाच्या वेळी भावाची जागा मामेभावाने भरून काढली, आणि माझे वडील त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी तुटकपणेच बोलत राहिले; "तुझे कागद तुला बहिणीपेक्षा मोठे झाले," हे त्यांचे वाक्य मला अजून टोचते. तिच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी कुठेच नाही, याचे दुःख मला आहे आणि ते जाणार नाही.

जर्मनीत हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतले बेकायदा काम तपासायला कस्टम्स खात्याची माणसे येतात. त्या हॉटेलात ती कधी आली की नाही, मला माहीत नाही. माझ्यासोबतच्या त्या दोघांचे पुढे काही वाईट झाले नाही. एकाचे तर उत्तम चालले आहे. तेव्हा मी बरोबर होतो हे दाखवायला माझ्याकडे कोणाची शिक्षा नाही. लोक मला कागदी घोडे नाचवणारा म्हणत आले आहेत, अजून म्हणतात. मला एवढेच सांगता येईल, की कायमच्या परवान्यासाठी मागची सगळी वर्षे टेबलावर मांडायची वेळ आली, तेव्हा कार्यालयातल्या बाईंनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर माझ्या फाइलमध्ये होते आणि कुठल्याही महिन्याविषयी मला गोष्ट रचावी लागली नाही. बहिणीच्या लग्नाच्या बदल्यात हे पुरेसे होते का, असे तू विचारशील. मी हो म्हणतो. कित्येकदा स्वतःलाच हो म्हणत आलो आहे, आणि तुझ्या वडिलांनी विचारले तरी तेच म्हणेन.

तुला तशी निवड करावी लागू नये, म्हणूनच पैशांचे आत्ता नीट करायला सांगतो आहे. ब्लॉक्ड अकाउंट खऱ्या पैशांचे असेल आणि पहिले वर्ष त्यावर निभावले, तर कोणा हॉटेलवाल्यापुढे उभे राहायची पाळी येत नाही. वडिलांशी आजच बोल. कर्जाचा हप्ता, सुरू होण्याची तारीख आणि तू शिकत असताना व्याज कोण भरणार, हे तिघांनी एकत्र बसून लिहून काढा, आईलाही बसव.

एपीएसचे, म्हणजे आपल्या पदव्या तपासणाऱ्या जर्मन केंद्राचे, प्रमाणपत्र तुझ्याकडे आहे, भाषेचे आहे, म्हणजे राहिले फार थोडे. कन्सल्टंटला नको म्हणून कळव आणि तुझी मूळ प्रमाणपत्रे त्याच्याकडे असतील तर आधी ती परत आण. मोटिव्हेशन लेटर नव्याने लिही, फाउंड्रीच्या त्या वहीपासून सुरुवात कर, इंग्रजी मोडकेतोडके असले तरी चालेल. रविवारपर्यंत मला पाठव. मी व्याकरण तपासून देईन, वाक्ये मात्र बदलणार नाही.

आईवडिलांना नमस्कार सांग.

तुझा,
काका