३७ वर शून्य आलं म्हणून प्रोजेक्ट बदलू नकोस

अगं,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज, "सर शून्य कॉलनी, विषय बदलू का". भिडे पुलाखाली उतरून मुठेचं पाणी आणलंस, त्यातनं टेट्रासायक्लिन अँटिबायोटिकला दाद न देणारा ई. कोलाय जंतू काढलास, आणि त्याचा प्लास्मिड (रेझिस्टन्स वाहणारा डीएनएचा सुटा तुकडा) ३७ डिग्रीवर दुसऱ्या जंतूत जातो का हे बघताना आलेल्या एका शून्याला घाबरलीस होय!

प्लास्मिड बराचसा वेळ दार लावूनच बसतात गं, दुसऱ्या पेशीत जातच नाहीत. पिलस, म्हणजे दुसऱ्या पेशीला पकडायचा धागा, उभारायचा तर पेशीला खर्च, वर त्याच पिलसला चिकटून आत शिरणारे फाज (जंतूंना लागणारे विषाणू) टपलेले. म्हणून आर१००, आर१ सारख्या प्लास्मिडांकडे कुलूप असतं. ट्राजे प्रोटीन तयार झालं की ट्रान्सफरची अख्खी मशिनरी चालू होते, पण फिनपी नावाचा चिमुकला अँटीसेन्स आरएनए ट्राजेच्या मेसेंजर आरएनएलाच जाऊन चिकटतो, म्हणजे रायबोझोमला तो वाचताच येत नाही, आणि या फिनपीला आरएनेझ ई एन्झाइमने खाऊन टाकू नये म्हणून फिनओ प्रोटीन त्याला सांभाळत बसतं. पुस्तकातला एफ प्लास्मिड एवढा भसाभस जातो कारण त्याच्या फिनओ जीनमध्ये आयएस३ हा उड्या मारणारा डीएनएचा तुकडा घुसलाय, कुलूप मोडकं. आपण सगळे त्या मोडक्या कुलपावर कॉन्जुगेशन (पेशीतून पेशीत प्लास्मिड जाणं) शिकलो आणि तेच नॉर्मल समजतो (हे माझं जुनं रडगाणं, माहितीये).

गंमत म्हणजे प्लास्मिड नव्या पेशीत शिरला की तिथे फिनपी-फिनओ अजून साठलेले नसतात, मग काही पिढ्या तो मोकाट पुढे पुढे जातो, नंतर परत दार बंद. म्हणून दोन्ही जंतू एकत्र ठेवायचं तासाभराचं मेटिंग बघून निकाल लावू नकोस, रात्रभर ठेव.

आणि ३७ चा हट्ट सोड. टायफॉइडच्या जंतूंच्या प्लास्मिडांच्या घराण्यातला आर२७ बावीस ते तीस डिग्रीत छान जातो, ३७ वर जवळजवळ बंद. तुझा त्यातलाच असेल असं नाही, पण नदीतनं आणलेल्याला नदीच्या टेंपरेचरला एकदा विचारून तर बघ.

डोनरची, म्हणजे प्लास्मिड देणाऱ्या जंतूची, एकट्याची प्लेट मात्र लावच. एम.एस्सी.ला मी कंटाळा केला, दोन महिने ज्यांना ट्रान्सकॉन्जुगंट (प्लास्मिड मिळालेले जंतू) म्हणून मिरवत होतो ते डोनरचेच नॅलिडिक्सिक अँटिबायोटिकला रेझिस्टंट म्युटंट निघाले, गाइडसमोर तोंड बघण्यासारखं झालं होतं माझं.

शनिवारी २८ चा इन्क्युबेटर रिकामा आहे. खालचा कप्पा घे, वरचा जास्त तापतो.

सर