आय-५ २४०० लॉक आहे आणि बोर्ड एच-६१ आहे, तर ओव्हरक्लॉक कसा करायचा?

तुमचा प्रश्न असा: जुना आय-५ २४०० प्रोसेसर, एच-६१ मदरबोर्ड, ४ जीबीची एकच रॅम, साधी हार्ड डिस्क. आधी कधी ओव्हरक्लॉक (प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) केलेलं नाही, सुरुवात कुठून करू?

प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक (बोर्डाचं मूळ घड्याळ, १०० मेगाहर्ट्झ) गुणिले मल्टिप्लायर. एच-६१ वर मल्टिप्लायर वाढत नाही. कुठलंही सॉफ्टवेअर तो वाढवून देत नाही, आणि तसा दावा करणारं डाउनलोड करू नका. २४०० च्या नावात 'के' नाही, म्हणजे तो लॉक आहे, त्याचा मल्टिप्लायर कंपनीने बांधलेला आहे. त्या पिढीच्या टर्बोवाल्या (गरजेला थोडा वेळ आपोआप वेग वाढवणाऱ्या) लॉक प्रोसेसरना मल्टिप्लायर चार पायऱ्या वाढवायची सूट होती, पण ती पी-६७, झेड-६८, झेड-७७ अशा बोर्डांवर. तिथे २४०० चा टर्बो ३.४ वरून ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, तोही एकाच कोअरवर काम असेल तेव्हा. चौथ्या पिढीत इंटेलने तीही सूट काढली.

मग उरतो बेस क्लॉक. 'लॉक असला म्हणून काय झालं, बेस क्लॉक चढवा, मशीन पळतंय बघा' हे आपल्याकडे छातीठोकपणे सांगणारे भरपूर आहेत, आणि त्याच सल्ल्यापायी लोकांचा डेटा जातो.

जिंतूरकडच्या एका सेवा केंद्रातलं मशीन सांगतो, अगदी तुमच्याच जोडीचं. मे महिना, वर पत्रा, दुपारी खोलीत ४१-४२ अंश. मशीन संथ झालं म्हणून कुणीतरी बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन बेस क्लॉक १०० चा १०७ केला. दोन दिवस चाललं. मग स्कॅन केलेल्या पीडीएफ अर्धवट उघडायला लागल्या, तिसऱ्या दिवशी विंडोज सुरू होताना डिस्कच सापडेना. डिस्क बदला म्हणून सांगितलं गेलं. डिस्क चांगली होती. या पिढीत साटा (डिस्कची जोडणी), पीसीआय एक्स्प्रेस (कार्डांची जोडणी) आणि चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य चिपचा) दुवा, सगळे त्याच एका घड्याळावर चालतात. प्रोसेसरला ७ टक्के दिले की साटालाही ७ टक्के जातात, आणि साटाला ते सोसत नाहीत.

विजेची वायर काढून बोर्डावरचा सीआर-२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवला, बेस क्लॉक परत १०० वर आला, डिस्क दिसली. बिघडलेल्या फाइली मात्र बिघडलेल्याच राहिल्या.

संथपणाचं खरं कारण पंखा काढल्यावर दिसलं. पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये धुळीचा गोधडीसारखा थर होता, बोटाने अख्खा उचलून निघाला. हीटसिंकच्या चार पिनांपैकी एक बोर्डात बसलेलीच नव्हती, त्यामुळे तो एका कोपऱ्यात उचललेला. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली. प्रोसेसर ९५ अंशांपुढे जाऊन स्वतःच वेग पाडत होता. असल्या मशीनला ओव्हरक्लॉक करणं म्हणजे ताप आलेल्या बैलाला नांगराला जुंपणं आहे.

आता तुम्ही काय करायचं. आधी कोअर टेम्प या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघा आणि प्राइम-९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) पंधरा मिनिटं चालवा. मोकळं असताना वेग १६०० मेगाहर्ट्झ दिसेल, त्याला घाबरू नका, वीज वाचवायला तो तसाच उतरतो. कामाला लावल्यावर तापमान ९० च्या वर गेलं आणि वेग ३१०० च्या खाली आला, तर दोष गरमीचा आहे.

मग साफसफाई करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर गरगर फिरून बेअरिंग जाते. हीटसिंकच्या पिना वरच्या बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवल्या की सुटतात. बसवण्याआधी त्या उलट फिरवून मूळ जागी आणायच्या, मग तिरप्या समोरासमोरच्या दोन-दोन दाबायच्या, प्रत्येकीचा टक आवाज आला पाहिजे. बहुतेक जण बाणाच्या दिशेनेच फिरवून घट्ट करतात आणि पिन सैल राहते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. जास्त लावून थंडावा वाढत नाही.

त्या मशीनचं तापमान एवढ्यानेच त्याच खोलीत पंचाहत्तरच्या आसपास आलं.

पुढचा पैसा एसएसडीवर (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क). एच-६१ चा साटा ३ गिगाबिटचा असल्याने एसएसडी सेकंदाला २५०-२८० एमबीच्या आसपास अडकेल, तरी हार्ड डिस्कपुढे फरक पहिल्याच बूटला कळतो. अडीच इंची साटाच घ्या. मग रॅमची दुसरी पट्टी, म्हणजे ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी देवाणघेवाण) चालू होईल, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला त्याचा उपयोग आहे. ८ जीबीच्या फार स्वस्त डीडीआर-३ पट्ट्यांपैकी काही फक्त एएमडी बोर्डांवर चालतात, तेव्हा दुकानातच लावून बघा. त्यानंतरही वेग हवा असेल तर सेकंडहँड आय-७ २६०० बसवा, चार कोअर, आठ थ्रेड (एका वेळी आठ कामं). ३७७० सुद्धा याच सॉकेटचा, पण जुना प्रोसेसर लावलेला असतानाच बायोस अपडेट करावा लागतो, नंतर स्क्रीनच येत नाही.

तरीही बेस क्लॉक हलवायचाच असेल तर १०३ वर थांबा. ३.४ चे ३.५ होतील, बस. आधी डेटा दुसरीकडे घ्या, एक-एक अंकाने चढा, दर वेळी मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) आणि प्राइम-९५ चालवा. कंपन्यांच्या ऑफिसातून आलेल्या सेकंडहँड ब्रँडेड मशीनमध्ये ही सोय सहसा नसतेच, शोधत बसू नका. आणि ४५० वॅट छापलेला हलका, स्वस्त एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) असेल, घरात अर्थिंग नसेल, तर हात लावू नका.

एक गोष्ट मान्य करतो, लॉक प्रोसेसर कुठेच ओव्हरक्लॉक होत नाहीत असं नाही. जुन्या ७७५ सॉकेटवर पीसीआय एक्स्प्रेस १०० वर वेगळं बांधून ठेवता येतं अशा बोर्डावर ई-५२०० प्रोसेसरचा एफएसबी (त्या पिढीतलं मूळ घड्याळ) २०० वरून २६६ केला की १२.५ पटीने २.५ चे ३.३ गिगाहर्ट्झ होतात, आणि डीडीआर-२ ८०० रॅम ते सहज पेलते. 'आम्ही तर केलंय' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी तेच केलेलं असतं. तो बोर्ड वेगळा, तुमचा वेगळा.